कुठले पाव्हणं?

मेच्या शेवटी एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर ‘द डे ऑफ द जॅकल’ लावला. १९७३ चा, फ्रेड झिनमनचा. लॅपटॉप भाच्याचा, स्पीकर शेजाऱ्याचा. बघायला भाचा आणि त्याचे दोन मित्र, एक निवृत्त गुरुजी, स्टँडजवळचा किराणावाला, आणि कारखान्यावरून परत आलेला एक ऊसतोड्या, त्याच्या मेहुण्यासकट. इंग्रजी पुरतं कुणालाच कळत नव्हतं. भाचा मधेमधे थांबवून सांगत होता. लाईट दोनदा गेली. तरी सिनेमा संपेपर्यंत एकही जण उठला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढच्या पाच मिनिटांत याच मंडळींनी हा सिनेमा बघण्यात काही अर्थ कसा नव्हता हे मला पटवायला घेतलं.

भाचा म्हणाला, “मामा, द गॉल मेला नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मग अडीच तास बघायचं काय?” किराणावाला म्हणाला, मधलं बायाबापड्यांचं लांबण कापलं असतं तर सिनेमा पळाला असता. गुरुजींचं म्हणणं, मारेकऱ्याला नायक करणारे सिनेमे पोरांना दाखवूच नयेत. आणि भाच्याचा एक मित्र, जो पुण्यात शिकतो आणि इथं आमच्या पाटोद्याला आला की सारखं घड्याळ बघतो, म्हणाला की हे सगळं पॅरिस-लंडनचं; आपल्याकडं असलं काही घडत नाही, म्हणून आपल्याला ते लागत नाही.

त्या रात्री मी फार बोललो नाही. आता बोलतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. अल्जीरियावरचा ताबा सोडला म्हणून फ्रान्समधले काही कडवे लष्करी लोक अध्यक्ष द गॉलवर उलटले होते. त्यांच्या ओएएस या गुप्त संघटनेच्या साथीनं २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथं त्याच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडला गेला. तो वाचला. कटाचा म्होरक्या बास्तिएँ-तिरी याला पुढच्या मार्चमध्ये गोळ्या घातल्या. इथपर्यंत इतिहास. पुढचं फ्रेडरिक फोर्साइथनं रचलं: संघटना बाहेरचा एक भाडोत्री मारेकरी ठरवते, पाच लाख डॉलर कबूल करते, आणि लबेल नावाचा एक साधासा, झोपाळू चेहऱ्याचा पोलीस अधिकारी त्याच्या मागावर निघतो.

भाच्यानं घेतलेला आक्षेप त्याचा स्वतःचा नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. फोर्साइथ १९७० मध्ये हस्तलिखित घेऊन फिरत होता तेव्हा प्रकाशकांनी हेच सांगून त्याला परत पाठवलं: द गॉल तर धडधाकट आहे, मग वाचक पानं कशाला उलटतील? त्या नोव्हेंबरात द गॉल आपल्या घरी वारला, कुणाच्या गोळीनं नव्हे. कादंबरी १९७१ ला आली, जगभर वाचली गेली, आणि आज पन्नासहून अधिक वर्षांनी पाटोद्यातल्या एका ओसरीवर लाईट गेल्यावर सात-आठ माणसं अंधारात तशीच बसून राहिली.

भाच्याचा आवडता सिनेमा ‘द बॉर्न आयडेंटिटी’. रॉबर्ट लडलमच्या १९८० च्या कादंबरीवरचा, २००२ चा, मॅट डेमनचा. त्यात मारेकऱ्यालाच आपण कोण हे आठवत नाही, म्हणून म्हणे खरी उत्सुकता त्यात. ठीक. पण हा सिनेमा त्यानं माझ्यासमोर चार वेळा पाहिला आहे. चौथ्या वेळी बॉर्न कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं का? बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो पुस्तकांतून झुंजार कधी मरणार नाही हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी ती पुस्तकं हातोहात फिरून पार चिंध्या झाली.

आणि आपण हे म्हणावं? गहिनीनाथगडावर वामनभाऊंच्या पुण्यतिथीला थंडीत घोंगडी पांघरून बसणारी आपण माणसं. सप्त्यात सात दिवस कीर्तन ऐकतो. प्रल्हादाला खांबातून नरसिंह वाचवणार हे माहीत, हरिश्चंद्राचा रोहिदास परत उठणार हे माहीत, आठव्या दिवशी काला होणार हेही माहीत. तरी महाराज तारामतीपाशी आले की मांडवातल्या बाया पदर डोळ्याला लावतात. काय होणार म्हणून नव्हे. आता ते कसं होणार, हा माणूस ते आज कसं सांगणार, म्हणून. शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकण्यात आपला हात कोण धरणार? हा आक्षेप पॅरिसच्या माणसानं घ्यावा, पाटोद्याच्या माणसाला तो शोभत नाही.

सिनेमातही तेच चालतं. जॅकल कब्रस्तानात फिरतो, लहानपणी मेलेल्या एका मुलाचं नाव थडग्यावर वाचतो, त्याच्या जन्मदाखल्यावर स्वतःसाठी पासपोर्ट काढतो. झाडाला कलिंगड टांगून बंदुकीची दुर्बीण जुळवतो. एक गोळी, मग स्क्रू जरासा फिरवायचा, मग दुसरी. आपण श्वास धरून बघतो ते द गॉल मरेल की काय या भीतीनं नाही. काम करणाऱ्या माणसाचे हात बघायला आवडतं म्हणून. आमच्याकडं बोअर मारायचं मशीन आलं की पाणी लागणार नाही हे नव्वद टक्के माहीत असतं. तरी अख्खी वस्ती रात्रभर उभी असते.

आता किराणावाल्याचं लांबण. पळणाऱ्या माणसाच्या गोष्टीत घर, बाई, सासर, शेजार हे मधे येतं, आणि प्रेक्षक म्हणतो की हे काढा, आम्हाला बंदूक दाखवा. २०२४ मध्ये एडी रेडमेनची याच नावाची दहा भागांची मालिका आली तेव्हाही ओरड तीच: त्याची स्पेनमधली बायको आणि मूल हे कशाला? मालिका लांबली आहे हे मला मान्य, सहा भागांत आटपली असती. पण घर नको, असं म्हणणाऱ्याला माणूस पकडला कसा जातो हेच कळलेलं नाही.

ते त्या रात्री ऊसतोड्याला बरोबर कळलं. आमचा तालुका म्हणजे बालाघाटाचा माथा. मांजरा इथं गवळवाडीला उगम पावते आणि पाणी घेऊन खाली निघून जाते. दसरा-दिवाळी झाली की माणसंही जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयत्याला कोयता जोडून टोळी भरायची, आणि मार्च-एप्रिलपर्यंत कुठल्यातरी कारखान्याच्या कोप्यात राहायचं. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. एखादा उचल घेऊन पळतो. दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याच गावी गेलेले असतात, आजारपणामुळं फिटलेली नाही म्हणून तोंड चुकवणारे असतात. मग मुकादम शोधायला निघतो. ऊसतोड्या म्हणाला, “त्यो काय रस्त्यानं हुडकत न्हाई. सासुरवाडीला जाऊन बसतो. पोरगं कुठल्या शाळंत हाय बघतो. पंचमीला पोरगी म्हायेरी येतीच की.”

एवढं बोलून तो बिडी पेटवायला बाहेर गेला. माझ्या मते त्या रात्री त्या सिनेमावर बोललेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. जॅकलला काही काळ कुणी धरू शकत नाही, कारण त्याला सासुरवाडी नाही. आणि सरकारच्या बैठकीतली गुपितं त्याच्यापर्यंत पोचतात ती कुणा कसलेल्या हेरामुळं नव्हे. एका बड्या अधिकाऱ्याच्या घरात मुद्दाम पेरलेल्या बाईमुळं. लबेल ते शोधतो कसं? बैठकीतल्या सगळ्यांचे फोन चोरून ऐकतो. नेमका कुणाचा ऐकायचा हे कसं ओळखलंत, असं विचारल्यावर तो म्हणतो की ओळखलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच ऐकले. आमच्या ओसरीवर या जागेला सगळे हसले. किराणावालाही हसला. त्यालाच वगळायचं होतं ते लांबण हेच.

आता ‘आपल्याकडं घडत नाही’. ही तक्रार मी सर्वांत जास्त मनाला लावून घेतली आहे, त्यामुळं इथं जरा रेंगाळतो.

पुण्यात १८९७ ला प्लेगची साथ, गोऱ्या सोजिरांकडून घराघरांची झडती, प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. २२ जूनला राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा गणेशखिंडीच्या गव्हर्नर हाउसात. रात्री परतणाऱ्या बग्ग्या, ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक. दामोदर चापेकरानं रँडवर गोळी झाडली, त्याचा भाऊ बाळकृष्णानं मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट तिथंच गेला. रँड ३ जुलैला. एवढं शाळेत शिकवतात. पण गोष्ट खरी सुरू होते ती इथून. सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं. त्या काळचे वीस हजार! पुण्यात ब्रुइन नावाचा अधिकारी तपासाला बसला. आणि दामोदर सापडला तो काडतुसाच्या खुणेवरून नाही, बुटाच्या ठशावरून नाही. द्रविड बंधूंनी सांगितलं म्हणून. म्हणजे पुन्हा ओळखीतली माणसं. दामोदर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फासावर गेला.

बाळकृष्ण मात्र फरार झाला आणि वर्षाहून अधिक काळ पोलिसांच्या हाती लागला नाही. आणि तो कुठं होता? निजामाच्या मुलखात. आपल्या मुलखात. तेव्हा पाटोदा निजामाचं आणि पलीकडचं जामखेड इंग्रजांचं. तो पाटोद्याला आला होता असं मी म्हणत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी स्टँडसमोर फलक लावील. मी म्हणतो ते एवढंच, की तो अशाच गावांमधून राहिला असणार, जिथं नवा माणूस उतरला की चहाचा कप हातात यायच्या आत तिघं विचारतात, “कुठले पाव्हणं? कुणाकडं आलात?” पॅरिसमध्ये जॅकलला हे विचारणारं कुणी नव्हतं. हॉटेलात खोटं नाव लिहिलं की झालं. इथं खोटं नाव सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो, त्या गावचे म्हणजे कुणापैकी? सोयरीक कुठं? खोटा पासपोर्ट एका रात्रीत होतो, खोटी सोयरीक होत नाही.

मग असा माणूस वर्षभर टिकला कसा? मी याचं उत्तर एकच देऊ शकतो. ज्यांनी विचारलं त्यांना कळलं, आणि ज्यांना कळलं ते गप्प राहिले. एकदा नव्हे, रोज. पाण्यावर, पारावर, बाजारात. वीस हजार रुपये एकीकडं आणि हे गप्प राहणं एकीकडं. यापेक्षा ताणलेला सिनेमा मला तरी सुचत नाही, आणि भाच्याचा मित्र म्हणतो आपल्याकडं घडत नाही!

निजामाचा मुलूख म्हणजे अभय होतं अशातला भाग नाही. वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये रोहिले जमवायला तिकडं गेला, तेव्हा मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक दोघंही त्याच्या मागावर होते. तो जुलैत देवर नावडगीच्या देवळात, थकून झोपलेला असताना सापडला. आणि पुढं १९४७-४८ ला रझाकारांच्या भीतीनं हाच रस्ता उलटा वाहिला. तेव्हा निजामाच्या हद्दीतली माणसं नगर जिल्ह्याच्या बाजूला निघून जात होती. दोन राज्यांच्या शिवेवर राहणाऱ्यांना लपणं आणि लपवणं हे कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

बाळकृष्णही शेवटी ओळखीच्या माणसाच्या फितुरीनंच पकडला गेला. आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं काय झालं? ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री धाकटा वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे द्रविड बंधूंच्या दाराशी गेले, पोलिसांकडून बोलावणं आलंय असं सांगून त्यांना घराबाहेर काढलं, आणि गोळ्या घातल्या. शिकार सांगणाऱ्याचीच शिकार झाली, तीही पुन्हा घराच्या उंबऱ्यावर. मे महिन्यात वासुदेव, रानडे, बाळकृष्ण तिघं पाच दिवसांच्या आत फासावर चढले.

यावर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ ला सिनेमा केला. नाव ‘२२ जून १८९७’. म्हणजे बघा, काय होणार हे तर सोडाच, कधी होणार हेसुद्धा त्यांनी पाटीवर लिहून टाकलं. आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांचा तो पहिला सिनेमा; खलनायक म्हणून ओळखले जायच्या आधी ते त्यात टिळक होते. भाच्यानं तो पुण्यात पाहिला आहे. त्याचं मत: रँड पडल्यावर गोष्टीत उरलं काय? मी म्हणतो, रँड पडेपर्यंत गोष्टीत होतं काय? एक चिडलेला तरुण, एक पिस्तूल, एक बग्गी. माणूस मारायला एक क्षण पुरतो. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षं अख्ख्या पुण्यानं एकमेकांकडं कसं बघितलं असेल, कुणाच्या घरात नवं भांडं आलं, कुणाचा पोरगा अचानक गावाला गेला, हे सगळे हिशेब मांडत लोक कसे झोपले असतील, ते त्यानंतर सुरू होतं.

जाता जाता एक. चापेकरांचे वडील हरि विनायक हे कीर्तनकार. हरदासी कीर्तन, म्हणजे पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान. आमच्याकडच्या वारकरी कीर्तनाहून वेगळं. पोरं बापाच्या मागे साथीला उभी राहत. म्हणजे ही मुलं शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी ऐकत, वाजवत मोठी झाली. आपल्या गोष्टीचा शेवट त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही.

गुरुजींना उत्तर देणं अवघड आहे, कारण त्यांनी मला चौथीत शिकवलं आहे. तरी देतो. मारेकऱ्याची बाजू घ्यायला लावतात म्हणून सिनेमा वाईट, असं ते म्हणाले. पण जॅकलनं डोंगरात गाडी थांबवून पांढऱ्याची निळी करायला घेतली तेव्हा “वाळंल का तेवढ्यात?” असं घाबऱ्या आवाजात कुणी विचारलं? गुरुजींनी. त्यांनी त्या घडीला द गॉलच्या खुनाला पाठिंबा दिला होता का? मुळीच नाही. डोळा ज्याच्या मागे फिरतो त्याची आपल्याला काळजी वाटते, एवढंच. सिनेमा हे जाणतो, म्हणून शेवटाकडं तो आपल्याला लबेलच्या मागे नेतो, आणि पंधरा मिनिटांपूर्वी जॅकलची काळजी करणारे आपण त्याला गोळी लागल्यावर सुटकेचा श्वास सोडतो. दोन्ही वेळा आपणच. हे कळणं पोरांना घातक आहे असं मला वाटत नाही.

उलट गुरुजींनाच एक विचारायचं आहे. तुम्ही दर २२ जूनला वर्गात चापेकरांची गोष्ट सांगायचात, आणि आम्ही मुठी वळून ऐकायचो. जॅकल पैशासाठी मारतो, चापेकरांनी सगळं घालवून मारलं. हा फरक डोंगराएवढा आहे आणि तो मला मान्य आहे. पण आयर्स्टबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेनं गोळ्या घातल्या. हा पोरगा औरंगाबादला, म्हणजे निजामाच्याच राज्यात शिकलेला, आणि ज्याला मारलं तो संस्कृतचा अभ्यासक, ज्याला लोक पंडित जॅक्सन म्हणत. तेही तुम्ही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कान्हेरे आमच्या मनातून उतरला नसता. फक्त त्या नाट्यगृहात त्या क्षणाला बसलेल्या माणसांसारखे आम्ही थोडा वेळ गोंधळलो असतो. गोष्टीनं थोडा वेळ गोंधळवलं तर बिघडतं काय? चांगला-वाईट अशी पोती वेगळी करायला अडत बाजार आहे.

हे सगळं मी त्या रात्री बोलणार होतो. पण तेवढ्यात बिडी संपवून ऊसतोड्या आत येऊन बसला, आणि त्याचा फोन वाजला. त्यानं नंबर बघितला, आवाज बंद केला आणि फोन सतरंजीवर पालथा ठेवला. तो पालथा पडल्यापडल्या थरथरत राहिला. भाच्याच्या मित्रानं विचारलं, “कुणाचा?”

कुणी काही बोललं नाही. किराणावाला, ज्याला गावातल्या प्रत्येक पाव्हण्याची सोयरीक तोंडपाठ असते, तो छताकडं बघत म्हणाला, “लाईट टिकंल असं वाटतंय. लाव रे परत. कब्रस्तानापासून लाव.”